विदर्भाचं ऊन पुढे किती वाढणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एकात नागपूर-चंद्रपूर २०५० पर्यंत राहण्यालायकच उरणार नाही असं लिहिलेलं असतं. दुसऱ्यात, "विदर्भात ऊन काय नवीन आहे का?" पहिला मेसेज माणसाला हतबल करतो, दुसरा निर्धास्त. उद्या काय करायचं ते दोन्हींतून कळत नाही. शाळांमध्ये, आशाताईंच्या प्रशिक्षणात, ग्रामपंचायतींत या विषयावर बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आकडा जगाचा आहे की देशाचा, आणि कोणत्या काळाशी तुलना करून काढलेला आहे, हे दर वेळी लिहिलं आहे. सगळा घोळ बहुतेक तिथेच होतो.

एका वाक्यात सांगा ना, ऊन किती वाढणार?

एका वाक्यात सांगता येत नाही, दोन वाक्यांत सांगता येतं. २०४० पर्यंत आपण जगात काहीही केलं तरी ऊन जवळपास सारखंच वाढणार आहे. २०५० नंतर मात्र ते किती वाढेल हे कोळसा, तेल आणि गॅस किती जाळला जातो यावर ठरेल, आणि तिथे फरक फार मोठा आहे.

आता आकडे. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास करणारं संयुक्त राष्ट्रांचं आंतरसरकारी मंडळ. त्याचा भौतिक विज्ञानावरचा सहावा अहवाल ऑगस्ट २०२१ मध्ये आला. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०८१ ते २१०० या वीस वर्षांत जगाचं सरासरी तापमान, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन झपाट्यानं कमी केल्यास सुमारे १.४ ते १.८ अंशांनी, मधल्या वाटेनं गेल्यास २.७ अंशांनी आणि उत्सर्जन वाढतच राहिल्यास ४.४ अंशांनी जास्त असेल, असं त्यात म्हटलं आहे. हेच आकडे २०२१ ते २०४० या काळासाठी बघा: सगळ्या वाटांवर १.५ किंवा १.६. फरकच नाही!

भारतापुरतं बोलायचं तर केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल हाताशी आहे. तो पुण्याच्या पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या, म्हणजे आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं तयार झाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. सर्वाधिक उत्सर्जनाच्या वाटेवर शतकाच्या शेवटी ते १९७६-२००५ च्या तुलनेत आणखी सुमारे ४.४ अंशांनी वाढू शकतं. एप्रिल ते जूनमधल्या उष्णतेच्या लाटा त्याच वाटेवर तीन ते चार पट होतील आणि एकेका लाटेचा सरासरी मुक्काम जवळजवळ दुप्पट होईल.

हवामान खात्याला पुढच्या आठवड्याचा पाऊस नीट सांगता येत नाही. मग २०७० चं ऊन कोण सांगणार?

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि तो रास्त आहे.

२०७० मध्ये १२ मेला नागपूरचा पारा किती असेल हे कोणीच सांगत नाही, सांगूही शकत नाही. सांगितलं जातं ते एवढंच, की २०६० ते २०८० या वीस वर्षांत मे महिन्यातले किती दिवस साधारण ४५ च्या वर जातील. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. उद्या संध्याकाळी सात वाजता नागपूरच्या बर्डीच्या बाजारात नेमकी किती माणसं असतील ते सांगता येणार नाही, पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसेल हे आजच सांगता येतं.

आठवड्याचा अंदाज आजच्या हवेच्या स्थितीवर उभा असतो. त्या स्थितीतली बारीकशी चूक दिवसागणिक फुगत जाते, म्हणून दहा-पंधरा दिवसांपुढे तो विरतो. दीर्घकालीन चित्राला मात्र सूर्याकडून येणारी आणि पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता यांचा हिशेब पुरतो. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की परत जाणारी उष्णता अडते. हे भौतिकशास्त्र जुनं आहे. १९६७ मध्ये स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी, आजच्या मोबाइलपेक्षाही दुबळ्या संगणकावर, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी २.३ अंशांनी तापेल असं काढलं होतं. आजचा सर्वोत्तम अंदाज ३ अंश आहे, आणि शक्यतेचा पट्टा २.५ ते ४. मनाबेंना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

मॉडेलवर, म्हणजे हा हिशेब संगणकावर मांडणाऱ्या गणितावर, विश्वास ठेवायचा आणखी एक आधार आहे. ती १८५० पासून आजपर्यंत चालवून बघतात. झालेली तापमानवाढ ज्याला दाखवता येत नाही, त्याच्या भविष्याला कोण विचारणार? शिवाय माणसानं सोडलेले वायू काढून तेच मॉडेल चालवलं तर गेल्या पन्नास वर्षांतली वाढ त्यात दिसतच नाही.

एसएसपी २-४.५, एसएसपी ५-८.५ हे काय प्रकरण आहे?

जग पुढे कसं वागू शकतं याच्या या आखलेल्या वाटा आहेत. पहिला आकडा समाज कोणत्या दिशेनं जातो ते सांगतो: १ म्हणजे स्वच्छ ऊर्जा आणि सहकार्य, २ म्हणजे आजवर चाललंय तसंच, ३ म्हणजे देशांची आपापसांत ओढाताण, ५ म्हणजे कोळसा-तेलावर उभी राहिलेली भरभराट. दुसरा आकडा २१०० साली पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वॅट जादा उष्णता अडकलेली असेल ते सांगतो. २०२० पूर्वीच्या अहवालांत आरसीपी ४.५, आरसीपी ८.५ अशी नावं दिसतील. ती आधीची पिढी. दुसऱ्या आकड्याचा अर्थ तोच.

मग यातली खरी कोणती होणार?

कोणाचीच खात्री देता येत नाही, पण सगळ्यांची शक्यता सारखी आहे असंही नाही. ८.५ ची वाट आजच्या घडीला कमी संभवनीय मानली जाते, कारण तिच्यात कोळशाचा वापर कित्येक पटींनी वाढेल असं धरलं आहे आणि सौरऊर्जा इतकी स्वस्त होईल हे तेव्हा धरलेलं नव्हतं. दुसऱ्या टोकाची १.५ अंशांची वाट हातातून जवळजवळ निसटली आहे. २०२४ हे एकच वर्ष घेतलं तर जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबानं ते १८५०-१९०० च्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी गरम होतं. सध्या देशोदेशी जी धोरणं प्रत्यक्षात राबवली जात आहेत त्यांवरून शतकाच्या शेवटी जग ३ अंशांच्या आसपास पोचेल असं दिसतं, म्हणजे मधली वाट किंवा तिच्या थोडं वर.

म्हणून बातमीत नुसतं "२१०० पर्यंत ५ अंश" असं आलं की आधी बघावं की आकडा कोणत्या वाटेवरचा आहे. सर्वात वाईट वाटेचा आकडा ठळक मथळ्यात आणि वाटेचं नाव कुठेच नाही, हे नेहमी घडतं. मला याचा राग येतो, कारण त्यानं खऱ्या धोक्यावरचा विश्वासही उडतो. पण ८.५ चा अभ्यास टाकाऊ नाही. धरण, रेल्वेचे रूळ, वीजवाहिन्या पन्नास-साठ वर्षांसाठी बांधतात, त्यांना टोकाची शक्यता तपासावीच लागते.

एक-दोन अंशांनी असं काय बिघडतं? सकाळ-दुपारमध्येच पंधरा अंशांचा फरक असतो.

बिघडतं ते सरासरीत नाही, टोकाला. एक सोपा हिशेब करून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण विदर्भाच्या मे महिन्यापासून फार लांबचे नाहीत.

समजा एखाद्या गावात मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ४२.५ अंश आहे आणि रोजचा चढउतार साधारण २ अंशांचा. या हिशेबानं महिन्याच्या ३१ दिवसांतले ३ दिवस ४५ च्या वर जातात. आता सरासरी फक्त १ अंशानं वर सरकवा. ४५ च्या वरचे दिवस ७ होतात. २ अंशांनी सरकवा, ते १२ होतात. सरासरी पाच टक्केही वाढली नाही, आणि भाजून काढणारे दिवस चौपट झाले.

आयपीसीसीनं जगभरच्या जमिनीसाठी हेच मोजलं आहे. पूर्वी सरासरी दहा वर्षांतून एकदा येणारा कडक उन्हाळी दिवस १ अंशाच्या तापमानवाढीवरच दहा वर्षांत २.८ वेळा यायला लागला. १.५ अंशांवर तो ४.१ वेळा, २ अंशांवर ५.६ वेळा आणि ४ अंशांवर ९.४ वेळा येईल, म्हणजे जवळजवळ दर वर्षी. पन्नास वर्षांतून एकदा येणाऱ्या दिवसाचं आणखी वाईट आहे: ४ अंशांवर तो पन्नास वर्षांत ३९ वेळा. दिवस जितका दुर्मीळ, तितकी त्याची वारंवारता जोरात वाढते. ज्या उन्हाची गोष्ट आजोबा सांगायचे ते नातवाला दर वर्षी बघावं लागेल.

विदर्भ तर कायमच तापतो. आमच्या बापजाद्यांनी नवतपा काढला, आम्हीही काढू.

नवतपा, म्हणजे मेच्या शेवटी सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यावरचे नऊ दिवस. त्यासाठीचं शहाणपण विदर्भात खरंच आहे: डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरी पन्हं, दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही. हे शहाणपण नऊ दिवसांच्या हिशेबानं बसवलेलं आहे. प्रोजेक्शन, म्हणजे मॉडेलवरून काढलेले दीर्घकालीन अंदाज, सांगतात की नऊचे तीस-चाळीस झाले तर काय याचा विचार करा.

तेंदूपत्त्याचं उदाहरण घ्या. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्यात पानतोडणी चालते. पहाटे चार-पाचला माणसं जंगलात जातात, उन्हं चढली की पानांची गाठोडी घेऊन परततात, मग घरच्या सावलीत बसून पुडे बांधतात आणि दुपारनंतर फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर नेऊन देतात. मजुरी पुड्यांवर. उन्हाळा कडक झाला म्हणून हा हंगाम जूनमध्ये ढकलता येत नाही, कारण पाऊस पडला की पान गेलं. म्हणजे सकाळचे सुसह्य तास जितके कमी होतील तितकी थेट कमाई कमी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या अहवालात २०३० पर्यंत भारतात उष्णतेमुळे ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील असा अंदाज आहे, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. यात मुख्य वाटा शेतीचा आणि बांधकामाचा. टेबलावरच्या त्या आकड्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईच्या सकाळीही आहेत.

दुसरी गोष्ट, ऊन आता मेची वाट बघत नाही. सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबानं मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वात उष्ण मार्च होता आणि फेब्रुवारी २०२३ हा सर्वात उष्ण फेब्रुवारी. मार्चमध्ये शरीर उन्हाला सरावलेलं नसतं, शाळा सुरू असतात, गहू दाण्यात भरत असतो. मार्च-एप्रिल २०२२ ची भारत-पाकिस्तानातली लाट तपासणाऱ्या वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन गटानं हवामान बदलामुळे ती येण्याची शक्यता सुमारे ३० पट झाल्याचं काढलं.

कमाल तापमानाकडेच बघायचं का?

नाही. रात्रीकडे बघा. माझ्या मते विदर्भासाठी सगळ्यात दुर्लक्षित आकडा किमान तापमानाचा आहे.

दिवसभर तापलेलं शरीर रात्री सावरतं. रात्र ३०-३२ अंशांखाली उतरलीच नाही तर हृदयाला विसावा मिळत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हातारी माणसं, मधुमेही, गरोदर बाया कोसळायला लागतात. टिनाच्या छपराखाली तर अजून वाईट. दिवसभर तापलेल्या विटांच्या भिंती रात्री उष्णता आतच सोडत राहतात, खोली हवेपेक्षा गरम राहते, आणि अंगणात झोपायची सोय शहरातल्या झोपडपट्टीत नसते. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अहवालात सर्वाधिक उत्सर्जनाच्या वाटेवर शतकाच्या शेवटी उष्ण दिवस १९७६-२००५ च्या तुलनेत ५५ टक्क्यांनी आणि उष्ण रात्री ७० टक्क्यांनी वाढतील असं म्हटलं आहे. रात्री जास्त बिघडणार आहेत. हवामान खातं आता उष्ण रात्रीचा वेगळा इशारा देतं: दिवसाचा पारा ४० वर आणि किमान तापमान नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक चढलेलं असेल तर. तो इशारा बातम्यांत मागच्या पानावर जातो.

मुंबई-कोकणात ३६-३७ अंशच असतात. तिथली माणसं उगाच ओरडतात का?

अजिबात नाही. पारा अर्धीच गोष्ट सांगतो, उरलेली अर्धी हवेतला ओलावा सांगतो. दोन्ही एकत्र पकडणारं माप म्हणजे वेट बल्ब तापमान. तापमापकाच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून त्यावर वारा घातला तर तो जिथपर्यंत उतरतो तो आकडा. घामानं शरीर किती थंड होऊ शकतं याची ती सीमा.

नागपुरात ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना वेट बल्ब सुमारे २४ अंश येतो. रत्नागिरीत ३६ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर सुमारे ३०. म्हणजे नऊ अंशांनी कमी तापलेल्या कोकणात घाम कमी कामाचा. कूलर नागपुरात चालतो आणि मुंबईत नुसती दमट हवा फेकतो, तेही याचमुळे.

३५ अंश वेट बल्ब ही माणसाच्या सहनशक्तीची शेवटची सीमा असं २०१० पासून मानलं जायचं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात निरोगी तरुणांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये आलेल्या प्रयोगांत दमट हवेत ती सीमा ३० ते ३१ अंशांवरच लागली. अतिशय उष्ण कोरड्या हवेत आणखी खाली, २५ ते २८. त्यामुळे "आमच्याकडे कोरडी हवा आहे, काही होत नाही" हेही खरं नाही. कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळतो, शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार सोहळ्यात उन्हामुळे १४ माणसं गेली. जवळच्या केंद्रावरची नोंद ३८ अंशांच्या आसपास होती. एवढ्या पाऱ्याला विदर्भात कोणी दुपट्टाही काढत नाही. कोकणातल्या भविष्यातल्या उष्णतेचा विचार करताना कमाल तापमानाचे नकाशे पुरत नाहीत, ओलाव्यासकट काढलेले हवेत. आणि तिथे समुद्र तापतो आहे म्हणजे ओलावा वाढणारच.

माझ्या तालुक्याचा आकडा मिळेल का?

मिळेल, पण तो कसा बनतो ते समजून घ्या, नाहीतर दशांशापर्यंतचा आकडा बघून फसाल.

जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतात. बहुतेकांचा एकेक चौकोन १०० ते २०० किलोमीटरचा. पुण्याच्या आयआयटीएमनं तयार केलेलं आयआयटीएम-ईएसएम हे जागतिक तुलनेत उतरलेलं भारतातलं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल. त्याचाही चौकोन २०० किलोमीटरच्या आसपास. अशा एका चौकोनात नागपूर, वर्धा, भंडारा सगळेच मावतात. त्या चौकोनात शहर नाही, तलाव नाही, कोळसा खाण नाही. मग बारीक आकडे दोन पद्धतींनी काढतात. एकीत जागतिक मॉडेलचे कडेचे आकडे घेऊन दक्षिण आशियापुरतं बारीक चौकोनांचं मॉडेल चालवतात, साधारण ५० किलोमीटरचं किंवा त्याहून लहान. दुसरीत प्रत्यक्ष नोंदींशी मॉडेलचं गणित जुळवतात: मॉडेल मे महिन्यात ३९ दाखवतं आणि हवामान खात्याची तीस वर्षांची नोंद ४३ आहे, तर फरक काढून भविष्यातल्या आकड्यांवरही ती दुरुस्ती लावतात. नासाचा मोफत मिळणारा २५ किलोमीटरचा संच दुसऱ्या प्रकारचा आहे.

दुरुस्तीनं नोंदीशी मेळ बसतो, नवी माहिती जन्माला येत नाही. तालुका-तालुक्यांतला अर्ध्या अंशाचा फरक दाखवणारा २०७० चा रंगीत नकाशा सुंदर दिसतो, पण त्या फरकावर कोणताही निर्णय घेऊ नका. जिल्ह्यांच्या गटापुरतं, वीस-तीस वर्षांच्या सरासरीत बोला.

एकाच जिल्ह्यासाठी दोन अहवाल वेगळे आकडे देतात. कोण खोटं बोलतं?

बहुतेक वेळा कोणीच नाही. चार गोष्टी तपासा: तुलनेचा काळ कोणता (१८५०-१९०० धरला की १९९१-२०२०, एवढ्यानंच एक अंशाच्या आसपास फरक पडतो), वाट कोणती, किती मॉडेल घेतली, आणि लाटेची व्याख्या काय.

व्याख्येचं नीट सांगतो. हवामान खात्याच्या हिशेबानं सपाट प्रदेशात पारा किमान ४० आणि नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल तर लाट, ६.४ हून जास्त असेल तर तीव्र लाट. किंवा थेट ४५ गाठला तर लाट, ४७ गाठला तर तीव्र. किनाऱ्यावर किमान ३७ आणि ४.५ ची वाढ. डोंगराळ भागात ३० पासून सुरुवात. उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं झालं की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. एखादा शोधनिबंध मात्र "सर्वात उष्ण ५ टक्के दिवस सलग तीन" अशी व्याख्या घेतो. दोघांच्या लाटांची संख्या जुळणार कशी?

मॉडेलबद्दलही एक सावधगिरी. आताच्या पिढीतली काही मॉडेल गरजेपेक्षा जास्त तापतात. आयपीसीसीनं त्यांचं वजन प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे कमी केलं. ज्या अहवालात सगळ्या मॉडेलांची सरळ सरासरी काढली आहे तो थोडा वरचा आकडा देईल.

भारत जगापेक्षा कमी तापला म्हणतात. मग आपण वाचलो?

कमी तापला हे खरं, पण त्याची कारणं दिलासा देणारी नाहीत. धूर, राख आणि धूलिकण सूर्यप्रकाश अडवतात, आणि उत्तरेच्या मैदानात ओलिताखालची जमीन बाष्पीभवनानं हवा थोडी थंड ठेवते. प्रदूषण कमी करायलाच हवं, आपली फुप्फुसं त्यापायी जातात. पण ते कमी झालं की दबलेली तापमानवाढ काही प्रमाणात वर येईल. आणि भूजल संपलं तर ओलिताचा गारवाही जाईल. विदर्भातल्या कोरडवाहू काळ्या जमिनीला तो गारवा मुळातच कमी मिळतो. एप्रिलमध्ये भेगाळलेल्या मातीत बाष्पीभवनाला पाणीच नसतं, सगळं ऊन हवा तापवण्यात जातं.

मे २०२५ मध्ये तर पाऊसच पाऊस होता. कुठे गेली तापमानवाढ?

त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता, आणि त्याआधीही राज्यभर पाऊस झाला. असे उन्हाळे पुढेही येतील. सरासरी वर चढत असताना वर्षावर्षांचा चढउतार थांबत नाही. एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं असतं ते वर्ष आणि त्याच्या पाठचा उन्हाळा बहुधा जास्त तापतो. २०१६ मध्ये राजस्थानातल्या फलोदीनं १९ मेला ५१ अंशांचा देशातला विक्रम केला तो असाच. पुढच्या दहा वर्षांपुरतं बोलायचं तर नागपूरचा एखादा उन्हाळा कसा जाईल हे हवामान बदलापेक्षा या चढउतारावरच जास्त ठरेल. तीस वर्षांचं चित्र काढलं की चढउतार मागे पडतो आणि चढण दिसते. म्हणून एका थंड मे महिन्यानं काही सिद्ध होत नाही, आणि एका भयंकर मे महिन्यानंही नाही.

नागपुरात ५६ अंश झाले होते ते खरं का?

नाही. मे २०२४ च्या शेवटी एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं आणि बातमी देशभर गेली. हवामान खात्यानं यंत्रातला बिघाड असल्याचं स्पष्ट केलं. त्याच सुमारास दिल्लीच्या मुंगेशपूरचा ५२.९ चा आकडाही तपासणीत ३ अंशांनी जास्त निघाला. नागपूरच्या अधिकृत नोंदीतला उच्चांक २३ मे २०१३ चा ४७.९ अंश.

अधिकृत आकडा हा सावलीतला असतो: झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत. गाडीच्या डॅशबोर्डवरचा किंवा डांबरी रस्त्यावरचा आकडा त्याहून खूप वर जातो. अंगाला लागतं ते खरंच तेवढं ऊन, पण तीस वर्षांपूर्वीच्या नोंदीशी तुलना करायला एकसारखीच पेटी हवी.

झाडं लावली तर थांबेल का?

जागतिक तापमानवाढ थांबणार नाही, पण तुमच्या गल्लीची दुपार नक्की सुसह्य होईल. कडुनिंब, वड, पिंपळ, करंज लावा, आणि जिथे माणसं उन्हात थांबतात तिथे लावा: बसथांबा, बाजार, दवाखान्याचं आवार. छपरांना चुना मारणं हे त्याहून स्वस्त, आणि त्याच उन्हाळ्यात गुण देणारं.

जगानं उत्सर्जन पूर्ण थांबवलं तर तापमान खाली येईल?

लगेच खाली येणार नाही, पण वाढ थांबेल. कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आलं की पुढच्या काही दशकांत तापमान साधारण तिथेच टिकतं, असं आजचं विज्ञान सांगतं. ही खूप मोठी गोष्ट आहे. "आता काही उपयोग नाही, गाडी सुटली" हे म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे. २ अंशांवर थांबलेलं जग आणि ३ अंशांवर पोचलेलं जग यांत विदर्भातल्या उन्हाळ्याचा फरक हजारो माणसांच्या जिवाचा आहे.

या आकड्यांचा नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला उपयोग काय?

मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ पर्यंत गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातून २०१३ मध्ये तिथे देशातली पहिली उष्णता कृती योजना आली. नागपूरची २०१६ मध्ये. या योजना गेल्या वीस-तीस वर्षांच्या नोंदींवर उंबरठे ठरवतात: किती अंशांना पिवळा इशारा, किती अंशांना लाल.

प्रोजेक्शन इथे कामाला येतात. आज वर्षातून पाच दिवस लाल इशारा लागत असेल आणि २०४० च्या आसपास पंधरा दिवस लागणार असेल, तर प्रत्येक वेळी शाळा बंद, काम बंद हा उपाय टिकणार नाही. मग वेळापत्रकच बदलावं लागेल: रोजगार हमीची कामं पहाटे, परीक्षा आधी, ग्रामीण रुग्णालयात बर्फ आणि थंड खोली कायमची, आणि रोहित्रं रात्रीचा कूलरचा भार पेलतील अशी. २०४० पर्यंतच्या आकड्यात कोणतीही वाट धरली तरी फारसा फरक पडत नाही हे वर आलंच आहे. त्यामुळे "कोणता सिनॅरिओ खरा ते ठरू द्या, मग बघू" ही सबब योजना लांबवायला चालत नाही. घर, शाळा, दवाखाना बांधताना मात्र २०६०-७० चा पट्टा बघा, कारण आज टाकलेला स्लॅब तोपर्यंत तिथेच असणार आहे.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी स्वतः आकडे काढायचे आहेत. सुरुवात कुठून?

भविष्याकडे जाण्याआधी भूतकाळ काढा. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९५१ पासूनचं रोजचं कमाल-किमान तापमान एक अंशाच्या चौकोनांत मोफत मिळतं. तुमच्या जिल्ह्यावरचा चौकोन निवडा आणि दर वर्षासाठी तीन आकडे काढा: वर्षातलं सर्वोच्च तापमान, ४५ च्या वरचे दिवस, ३० च्या वरच्या रात्री. चौकोन मोठा असल्यामुळे हे आकडे गावच्या केंद्रापेक्षा थोडे खाली येतील, घाबरू नका.

मग नासाच्या संचातून त्याच जागेसाठी किमान आठ-दहा मॉडेल घ्या. एकच मॉडेल घेऊन निष्कर्ष काढू नका. १९९१ ते २०१४ या काळात ती तुमच्या नोंदींशी कितपत जुळतात ते आधी तपासा. इतिहासाची धाव २०१४ ला संपते, तिथून पुढे वाटा सुरू होतात. नंतर २०२१-४०, २०४१-६० आणि २०८१-२१०० असे तीन काळ, आणि एसएसपी २-४.५ व ५-८.५ अशा दोन वाटा. आलेख काढताना नुसती सरासरीची रेघ मारू नका. सगळ्या मॉडेलांचा पट्टा रंगवा आणि अहवालातही "१२ दिवस" न लिहिता पट्टा जेवढा आला असेल तेवढा लिहा, उदाहरणार्थ "८ ते १९ दिवस". परीक्षकांनी एकच आकडा मागितला तरी.